‘सोलर लीज’ लागलेली जमीन घेताय? आधी हे कागद बघा

नागपूर जिल्ह्यातली कुही, भिवापूर, उमरेड, काटोलकडची पडीक शेती सध्या ‘सोलर लीज रेडी’ म्हणून विकायला येते. योजना ऐकायला सोपी असते. पाच एकर तुम्ही घ्यायची, कंपनी ती २८ वर्षांसाठी भाड्याने घेणार आणि एकरी महिना पंधरा हजार थेट तुमच्या खात्यात. वर्धा रोडवरच्या एखाद्या हॉटेलात सेमिनार होतो, पडद्यावर निळ्या पॅनेलच्या रांगा दिसतात, नाश्ता मिळतो आणि शेवटी ‘आजच टोकन दिले तर’ची घाई सुरू होते. समोर बसलेले बहुतेक लोक नुकतेच निवृत्त झालेले असतात, ग्रॅच्युइटी आणि पीएफ अजून बँकेतच पडलेला. पहिले काही महिने भाडे वेळेवर येते, मग उशीर, मग ‘महावितरणकडून बिल अडकले आहे’, मग फोन बंद.

लोक फसतात, कारण यातला अर्धा भाग खरा आहे. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठरलेला आहे. जमीन ३३/११ केव्ही उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत हवी. वीज खरेदीचा करार २५ वर्षांचा असतो. हे सगळे सेमिनारमध्येही सांगतात, फक्त भाड्याचा आकडा तेवढा बदललेला असतो.

तो आकडा कागदावर मांडून बघा. हेक्टरी सव्वा लाख म्हणजे एकरी वर्षाला साधारण ५० हजार, महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास. सेमिनारमधला दर याच्या साडेतीन पट. आता कंपनीच्या बाजूने बघा. एक मेगावॉटला ४ ते ५ एकर लागते आणि आपल्याकडच्या उन्हात वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज होते. या योजनेत विजेचा दर युनिटला ३ रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाची ढोबळ कमाई ४५ लाख. सरकारी दराने पाच एकराचे भाडे अडीच लाख होते, ते परवडते. पंधरा हजारांच्या हिशेबाने नऊ लाख होतात, म्हणजे कमाईचा पाचवा हिस्सा. प्रकल्पाचा बहुतेक पैसा कर्जाऊ असतो. एवढे भाडे देऊन बँकेचा हप्ता, विमा, पॅनेल धुणे, राखणदाराचा पगार हे सगळे भागवणारी कंपनी कोणती, हे विकणाऱ्यालाच विचारा.

मग ते पहिले काही महिने पैसे येतात कुठून? तुमच्याच खिशातून. समजा बाजारात आठ लाख एकराने मिळणारी जमीन तुम्हाला वीस लाखांना दिली. वरचे बारा लाख विकणाऱ्याकडे राहिले. त्यातून त्याने आठ महिने पंधरा हजार दिले, तर त्याचे एकरी १ लाख २० हजार गेले आणि तेवढ्यात तुमच्या ओळखीतले दोघे-तिघे आणखी आले. याचा पुरावा घरबसल्या सापडतो. पासबुकात भाडे कोणाच्या नावाने जमा होते ते बघा; करार कंपनीशी आणि पैसे मात्र कुणाच्या तरी ‘एंटरप्रायझेस’कडून, असे असेल तर काय ते समजा. दुसरे, महिन्याला ५० हजारांच्या वर भाडे असेल तर कंपनीने टीडीएस कापलाच पाहिजे. पाच एकराचे ७५ हजार येत असतील आणि प्राप्तिकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-विवरणात (२६एएस) एकही नोंद नसेल, तर ते पैसे कोणत्याही कंपनीच्या हिशेबात भाडे म्हणून गेलेलेच नाहीत. ‘टीडीएस आणि जीएसटी आधी तुम्ही भरा, मग भाडे सुटेल’ हे तर सरळच खोटे. टीडीएस देणारा कापतो, घेणाऱ्याकडून कुणी मागत नाही.

आता तो कागद, ज्याच्या जोरावर हे सगळे विकले जाते: ‘लेटर ऑफ अवॉर्ड’. रंगीत झेरॉक्स, वर बोधचिन्ह, खाली गोल शिक्का आणि मध्ये तुमचा मौजा, पटवारी हलका क्रमांक, खसरा क्रमांक आणि ‘मंजूर’. इथेच थांबायचे. अवॉर्ड लेटर निविदा जिंकलेल्या कंपनीच्या नावाने निघते आणि त्यात उपकेंद्र आणि मेगावॉट असतात. जमीनमालकाच्या नावाने कुणी अवॉर्ड देत नाही. पत्रातला जावक क्रमांक, तारीख, उपकेंद्राचे नाव आणि कंपनीचे नाव एका कागदावर उतरवा आणि नागपुरात काटोल रोडवरच्या महावितरणच्या विद्युत भवनात जाऊन लेखी विचारा की या उपकेंद्रावर या कंपनीचा वीज खरेदी करार झाला आहे का. व्हॉट्सॲपवर ‘साहेबांशी बोलणे’ करून देतो म्हणणाऱ्याचा साहेब त्याच्याच ऑफिसात बसलेला असतो. वीज खरेदी करार नसेल तर वीज विकली जाणार नाही, आणि वीज विकली गेली नाही तर भाडे कुठून येणार?

उपकेंद्राची आणखी एक बाजू कुणी सांगत नाही. ग्रामीण ३३/११ केव्ही उपकेंद्रात बहुतेक ५ किंवा १० एमव्हीएचे (ढोबळमानाने तेवढ्याच मेगावॉटचे) ट्रान्सफॉर्मर असतात. त्यामुळे एका उपकेंद्रावर किती मेगावॉट घेता येतील याला मर्यादा असते. एकाच उपकेंद्राभोवती चार जण प्रत्येकी पन्नास एकर, म्हणजे दहा-बारा मेगावॉटची जागा, ‘लीज रेडी’ म्हणून विकत असतील, तर फार तर एकाचे खरे असू शकते. नकाशावर ५ किलोमीटर दाखवले म्हणूनही काम झाले असे नाही. मधल्या वावरांतून, पांदणीवरून वीजवाहिनी न्यायची तर त्या मालकांची संमती लागते.

कंपनीचा सीआयएन, म्हणजे कंपनी नोंदणीचा क्रमांक, मागा. २१ अक्षरांच्या त्या क्रमांकात नववे ते बारावे अक्षर म्हणजे नोंदणीचे वर्ष. माहितीपत्रकावर ‘१७ वर्षांचा अनुभव’ आणि सीआयएनमध्ये २०२३, अशी जोडी हमखास सापडते. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) संकेतस्थळावर भरणा भांडवलही दिसते. एक लाख भांडवलाची कंपनी कोट्यवधींचा प्रकल्प उभारणार असेल, तर बाकीचा पैसा कोण देणार आहे तेही विचारा.

जमीन बघायला गेल्यावर फक्त उपकेंद्राचे अंतर मोजून परत येऊ नका. खरी कंपनी जागेवर मोजणी करते, चढ-उतार तपासते, माती परीक्षण करते, खांब रोवून ते किती जोराने उपटतात ते बघते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिथे पाया खोल घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. मुरमाड, पण सलग आणि नाला मध्ये नसलेली जागा त्यांना हवी असते. धुऱ्याला लागून शेती असलेल्या माणसाला विचारले तर कुणी मशीन घेऊन आले होते की नाही हे तो एका वाक्यात सांगतो. सेमिनारचे हजार रंगीत फोटो त्यापुढे काही कामाचे नाहीत.

विदर्भात एक सापळा खास आपला आहे. फार स्वस्त ‘पडीक’ जमीन निघाली की महसुली नोंदीत कुठे ‘झुडपी जंगल’ लिहिले आहे का ते आधी बघा. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलाला वनजमीनच मानले आहे. अशा जागेवर सोलर प्रकल्प म्हणजे वन संवर्धन कायद्याची परवानगी, आणि ती तुमच्या दलालाच्या हातात नाही. भोगवटादार वर्ग २ (शासनाने अटींवर दिलेली जमीन) असेल किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार पुढे जात नाही. रामटेक, पारशिवनीकडे हे जास्त सांभाळा. डिजिटल स्वाक्षरीचा ७/१२ आणि ८अ स्वतः काढा, विकणाऱ्याने दिलेल्या प्रतीवर जाऊ नका. फेरफार आणि ‘इतर हक्क’चा रकाना पटवाऱ्याकडे बसून वाचा. बँकेचा बोजा तिथेच दिसतो.

शहरातल्या माणसाला यापेक्षा साधा अडथळा आहे. तो शेतकरी नसेल तर विशेष परवानगीशिवाय शेतजमीन घेऊच शकत नाही. विदर्भाला १९५८ चा कुळवहिवाट कायदा लागू आहे. म्हणून काही जण ‘युनिट’ विकतात: पाच गुंठ्यांचा हिस्सा, पाचशेच्या स्टॅम्पवर एमओयू (सामंजस्य करार), नोटरीचा शिक्का. तुमचे नाव ७/१२ वर कधीच येत नाही. जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आहे, पाच गुंठ्यांचा शेतीचा तुकडा वेगळा नोंदवता येत नाही. तुमच्या हातात उरते ती फक्त पावती.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. अठ्ठावीस वर्षांचा करार नोटरीवर म्हणजे कोर्टात भाडेपट्टा म्हणून तो उभाच राहत नाही. काही जण मुद्रांक शुल्काचे खरे ई-चलन भरून दाखवतात, ग्राहक खूश होतो. पण चलन भरणे म्हणजे नोंदणी नव्हे, न वापरलेल्या चलनाचा परतावा मागता येतो. दस्त क्रमांक आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका, आणि इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पडताळून बघा. भाडेपट्टा खरा असेल तर त्याची नोंद ७/१२ च्या इतर हक्कांतही चढते.

ज्यांची जमीन आधीपासून आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘सर्व्हे फी’, ‘एनओसी फी’ कुणाच्या क्यूआर कोडवर पाठवू नका, आणि केंद्राच्या पीएम-कुसुम या सौर योजनेच्या नावाने चालणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्राच्या मंत्रालयाने वारंवार सूचना काढल्या आहेत त्या वाचा. करारात भाडे ताबा दिल्यापासून सुरू होते की वीजनिर्मितीपासून, ते बघा. दुसऱ्या प्रकारात शेत दोन वर्षे अडकते आणि रुपया मिळत नाही. मुखत्यारपत्र आणि जमीन गहाण ठेवण्याचा अधिकार अजिबात देऊ नका.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन पाठवलेल्या रकमेसाठी त्याच दिवशी १९३० वर फोन करा. मोठ्या रकमेची तक्रार आर्थिक गुन्हे शाखेकडे द्या. अनेक जण एकत्र असाल तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लावण्याची मागणी अर्जातच लिहा, त्यात मालमत्ता जप्त होऊ शकते. ‘सिक्युरिटी’ म्हणून दिलेले पुढच्या तारखांचे चेक फेकू नका आणि तीन महिन्यांची मुदत संपू देऊ नका. चेक परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलाची नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार न्यायालयात दाखल करावी लागते.