बंद पंख्याचं बिल बोर्डाच्या नावावर

शेगडी दहा मिनिटं नीट तापते, मग पिप-पिप करून बंद पडते आणि निवली की पुन्हा चालते, म्हणजे बहुधा आतला थंड करणारा पंखा नीट फिरत नाही. अशा इंडक्शनचा "मेन बोर्ड उडालाय" म्हणणाऱ्या मेकॅनिकला दारातूनच परत पाठवा. बोर्डावरचा आयजीबीटी (कॉइलला वीज देणारा मोठा ट्रान्झिस्टर) उडाला तर बहुतेक वेळा फ्यूजही जातो आणि भांडं तापतच नाही. दहा मिनिटं पाणी उकळवणारा बोर्ड मेलेला कसा? थाप तिथंच उघडी पडत होती! पण मल्टीमीटर लावून चार तांत्रिक शब्द फेकले की समोरचा गप्प बसतो, आणि का बसू नये? काचेखाली काय असतं हे विकताना कोणी दाखवतं का?

त्याचं बिल नव्या शेगडीच्या किमतीच्या 60 टक्के: बोर्ड 45, कॉइल 10, मजुरी 5. बोर्ड मात्र तोच, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांत जुनी धूळ तशीच. काम झालं ते एवढंच: पंख्यातली तेलकट जळमटं काढली आणि सेन्सरच्या जागी साधा रेझिस्टर बसवला.

पैशांपेक्षा संताप या रेझिस्टरचा. कॉइलच्या मधोमध, काचेला टेकून एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर, असतो. बऱ्याच मॉडेलांत 25 अंशांना त्याचा रोध 100 किलोओहम, तापला की आकडा उतरतो. तिथं 100 किलोओहमचा रेझिस्टर जोडला की बोर्डाला काच कायम थंडच वाटते. एरर गेली, गिऱ्हाईक खूश, आणि रिकामं भांडं राहिलं तर शेगडी थांबायचं नाव घेत नाही. तपासायचं तर प्लग काढून ठेवा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरल्याची मीटरवर खात्री करा, सेन्सरचा कनेक्टर सोडवून मीटर लावा आणि सेन्सरचा मणी चिमटीत धरा. आकडा घसरायला हवा. ढिम्म राहिला तर गंडवलंय.

तक्रार करून पाहा म्हणजे कळेल. कंपनीची हेल्पलाइन म्हणते, बाहेरच्या माणसाने उघडली, वॉरंटी संपली. तक्रार निवारणवाले विचारतात, शेगडी चालते ना, मग नुकसान कसलं? वर पुरावा म्हणून जुना भाग मागतात. तोच तर मेकॅनिक पिशवीत घालून घेऊन गेला! म्हणून जुना भाग हातात आल्याशिवाय पैसे नाहीत, आणि बोर्डावर आधीच मार्करने खूण.

मेकॅनिकला बोलावण्याआधी शेगडी उचलून खालची पंख्याची जाळी तुंबलीय का बघा. खाली कापड नको, मागे निदान 10 सेंमी मोकळी जागा हवी. पंखा फिरत नसेल तर त्याच्यावर छापलेले व्होल्ट (12 किंवा 18) कनेक्टरवर येतात का ते जाणकाराकडून मोजून घ्या. येत असतील तर पंखा गेला, नसतील तर बहुधा त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर. दोन्हीसाठी अख्खा बोर्ड लागत नाही. आयजीबीटीखालची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर ती बदलायची.

दुरुस्तीनंतर दोन लिटर पाणी, पूर्ण पॉवर, वीस मिनिटं. त्याच्यासमोर.