दुर्घटनेनंतर: घरची माणसं, समुपदेशक की मानसोपचारतज्ज्ञ?

दरड, अपघात, आग, आत्महत्या. घरावर असं काही कोसळलं की थोड्या दिवसांनी नातेवाइकांत दबक्या आवाजात विषय निघतो, "हिला कुणाला दाखवायचं का?"

पहिले काही आठवडे माझं मत सरळ घरच्या माणसांच्या बाजूने आहे. झोप उडणं, दचकणं, तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं हे या काळात बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. शेजारून येणारा डबा, मृत्यूच्या दाखल्यासाठी सोबत हेलपाटे घालणारा चुलतभाऊ, रात्री जवळ झोपणारी मावशी, यांची जागा तज्ज्ञ घेऊ शकत नाही. लगेच एका बैठकीत "सगळं सांगून मोकळी हो" असं करायला लावणं जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य नाही. निव्वळ दुःखावर झोपेच्या गोळ्या देणंही नाही.

पण घरच्यांच्या आधाराला मर्यादा आहेत. तेरावं झालं की माणसं पांगतात. उरलेली स्वतःच खचलेली असतात, म्हणून "मन घट्ट कर, पोरांकडे बघ" याच्यापुढे बोलणं जात नाही. काही गोष्टी तर घरात उच्चारताच येत नाहीत. "मीच त्याला गाडी घेऊन जा म्हणाले होते" हे सासूसमोर कसं बोलणार? गेलेल्या माणसाचा राग येतो, हे तर त्याहून अवघड. समुपदेशक उपयोगी पडतो तो इथे. तो नात्यातला नसतो, आणि तुमचं बोलणं चार घरी फिरत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीचं उदाहरण घ्या. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. जिथे मृतदेहच मिळत नाही तिथे मन वाट बघणं सोडत नाही, आणि अख्खी वाडीच पोळलेली असताना कुणी कुणाला धीर द्यायचा? अशा ठिकाणी बाहेरचा माणूस लवकर लागतो.

एरवी कधी जायचं? रडण्यावरून ठरवू नका. रोज रडणारी पण स्वयंपाक, नोकरी, बोलणंचालणं हळूहळू सुरू केलेली बाई बहुधा सावरते आहे. "किती खंबीर आहे" असं ज्याचं कौतुक होतं, तो पाऊस लागला की पोरांना कपड्यांनिशी झोपवून दाराशी पिशवी भरून ठेवत असेल, अपघाताचा रस्ता टाळायला तासाचा वळसा घालत असेल, तर त्याच्याकडे आधी बघा. असं महिनाभरानंतरही चालू असेल तर समुपदेशक गाठावा. दुःखाला मुदत नसते हे खरं, पण सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ तसूभर कमी होत नसेल आणि रोजचं जगणं अडलं असेल, तरी जावं.

मरणाचे विचार, जेवण तुटणं, सलग रात्री जागरण, वाढलेली दारू यांत महिना मोजत बसू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञ. तो डॉक्टर असतो, औषध तो देऊ शकतो, समुपदेशक नाही. मरणाचे विचार असतील तर त्या माणसाला एकटं ठेवू नका.

कुठलं दार ठोठावावं हेच कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. फक्त दर वेळी तोच माणूस फोनवर मिळेल असं नाही, त्यामुळे लांबच्या कामासाठी समोरासमोर बसणारं कुणीतरी हवंच. खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

समुपदेशक निवडताना शिक्षण विचारायला लाजू नका, हल्ली पाटी कुणीही लावतं. तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असते. ती बघा. पहिल्याच भेटीत सकारात्मक विचारांवर प्रवचन सुरू झालं तर खुशाल माणूस बदला.

आणि "मी काय वेडी आहे का?" असं म्हणून ती यायलाच तयार नसेल, तर नेहमीच्या डॉक्टरांकडे झोपेच्या तक्रारीसाठी न्या. तेवढ्याला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, आणि पुढची चिठ्ठी त्यांच्याकडून मिळाली तर जास्त ऐकली जाते.