बोलणं ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी पीआरआय लाइन की एसआयपी ट्रंक?

ग्राहकाचं बोलणं ऐकून उत्तर देणारी यंत्रणा बसवायची असेल, तर आधी फोनची लाइन ठरवा: पीआरआय, म्हणजे टेलिफोन कंपनीची स्वतंत्र डिजिटल लाइन, की एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून येणारी फोनजोडणी. पीआरआय घेतली तर एका लाइनवर एका वेळी ३० कॉल. एकतिसाव्यासाठी दुसरी लाइन आणि जोडणीची वाढीव सोय. एसआयपीवर हे काम सॉफ्टवेअरमध्येच होतं, दिवाळीच्या गर्दीपुरते चॅनेल (एका वेळी चालणारे कॉल) वाढवून घेता येतात.

पण मला खरी काळजी आवाजाची वाटते. पीआरआयवर आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये अडकतो. अरुंद, पण एकसारखा. ‘स’चा बराचसा जोर याच्या वर असतो, म्हणून ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत यंत्राची गफलत होऊ शकते. एसआयपीवर जी.७२२ कोडेक (आवाज डिजिटल रूपात बांधण्याची पद्धत) वापरला तर ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचतो आणि तोच ‘स’ स्पष्ट येतो. अट एकच: ग्राहकाच्या फोनपासून यंत्रापर्यंत तोच कोडेक टिकला पाहिजे. मध्ये साधी लाइन आली की फायदा गेला.

उलट, बँडविड्थ वाचवायला जी.७२९ कोडेक लावला, तर नेहमीच्या जी.७११ कोडेकच्या सेकंदाला ६४ किलोबिटऐवजी ८ किलोबिटमध्ये आवाज कोंबला जातो. माणसाला चालतं, यंत्राला जड जातं. त्यात आवाजाची २० मिलिसेकंदांची दोन-तीन पॅकेट्स (नेटवर्कवरून जाणारे तुकडे) सलग हरवली, की अख्खं व्यंजन गळतं.

मी एसआयपीच घेईन, मात्र किमान जी.७११ वर आणि आवाजाच्या पॅकेट्सना नेटवर्कमध्ये प्राधान्य देऊन. जिथे इंटरनेटचा भरवसा नाही, त्या शाखेत पीआरआय राहू दे.