भाट्ये ते मारुती मंदिर : सायकलचे दहा महिने, एका पावसाळ्यासह

दसऱ्याला घेतलेल्या सायकलला आता श्रावणात दहा महिने होतील. रत्नागिरीत खाली खाडीकाठी घर आणि वर सड्यावर नोकरी, असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझा रस्ता भाट्ये, पूल, राजिवडा, एसटी स्टँड, माळनाका, मारुती मंदिर. जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर. आजवर दोन हजारांच्या वर झाले.

सगळे आधी चढाचंच विचारतात. स्टँडपासून माळनाक्यापर्यंतचा चढ मलाही पहिले पंधरा दिवस जड गेला, दोनदा उतरून ढकलली. पण माझ्या सायकलला पुढची लहान चकती २४ दात्यांची आणि मागची सर्वात मोठी २८ ची आहे. या जोडीवर पायडल एक फेरा फिरलं तरी चाक पूर्ण फिरत नाही, म्हणजे हळूहळू का होईना, बसूनच चढता येतं. चढ लागायच्या आधीच गिअर खाली आणायचा. भर चढावर जोर देऊन बदलला की चेन उतरते. बिनागिअरची घेऊ नका, एवढंच सांगेन.

खरी परीक्षा खाऱ्या हवेची. ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे बहुतेक रात्री तो असतोच. पुलावरून येताना अंगाला जी चिकट खार लागते तीच चेनवर बसते आणि रात्रभर ओली राहते. नोव्हेंबरात चार दिवस लग्नाला गेले होते. परत येऊन बघते तर चेनच्या कड्यांवर तांबूस पूड, मागच्या ब्रेकची तार घट्ट. घेतली त्या दुकानात गेले तर "गंज वॉरंटीत येत नाही" म्हणाले. विकताना मात्र समुद्राजवळ राहता का, हे कोणी विचारलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं.

तेव्हापासून दर रविवारी अर्धा तास ठरलेला. गोड्या पाण्याने सायकल धुवायची, पाण्याचा फवारा मात्र चाकाच्या बेअरिंगवर मारायचा नाही. मग जुन्या सुती साडीच्या तुकड्याने चेन कोरडी करायची, प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब तेल, पायडल उलटं फिरवायचं, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. हे शेवटचं पुसणं फार महत्त्वाचं. बाहेर राहिलेल्या तेलाला भाट्याची वाळू चिकटते आणि दाते झिजतात. शिलाई मशीनचं तेल मी आधी वापरलं, पण पहिल्या सरीतच धुऊन गेलं. पावसाळ्यात चेनचं जाड तेलच हवं.

पावसाबद्दल. सायकल बंद ठेवली असे सगळे मिळून बारा-तेरा दिवस. पाऊस सोसतो, वारा नाही. सकाळी शहराकडे जाताना समुद्र डावीकडे असतो, म्हणजे पश्चिमेचा झोत आपल्याला रस्त्याच्या मधे, गाड्यांकडे ढकलतो. संध्याकाळी उलट, कठड्याकडे. म्हणून सकाळचा पूल जास्त धोक्याचा. जुलैत एकदा शेजारून ट्रक गेला, वारा क्षणभर अडला आणि तो पुढे सरकताच पुन्हा एकदम आदळला. हँडल हातभर सरकलं. त्या दिवसापासून जोराचा वारा असेल तर पुलावर उतरून चालत जाते. पाच-सात मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

ब्रेकची रबरं पावसात फार लवकर संपली. जांभ्याचा लाल चिखल रिमवर बसतो आणि कानसीसारखा घासतो. जूनमध्ये घातलेली जोडी जुलैअखेर बदलली. मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या, आणि ओढणी-सलवार घालणाऱ्यांनी चेनकव्हर असलेलीच बघा. मी नंतर बसवून घेतलं, ते नीट बसत नाही, चढावर करकरतं.

ऑफिसात एक कोरडा ड्रेस आणि टॉवेल कायमचा ठेवलाय. येताना राजिवड्यावरून मासळी घेते. मागच्या कॅरिअरला बांधलेल्या डब्यात बांगडे व्यवस्थित येतात.

चेनची लांबी स्टीलच्या पट्टीने मोजत असते. नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात. माझे आता सोळांश इंचाने वाढलेत. म्हणजे बदलायची वेळ झाली. नवी आणून ठेवलीय, पाऊस ओसरला की घालणार.