३९९ रुपयांचा एरिया सेफ्टी रिपोर्ट: ५ पैकी २ स्टार

धाकटी बहीण पुण्यात जॉबला येणार म्हणून तिच्यासाठी फ्लॅट शोधत होतो, तर भाड्याच्या घरांच्या एका अ‍ॅपवर (नाव नाही घेत, उगाच लफडं नको) फोटोंच्या खाली बटण दिसलं, 'एरिया सेफ्टी रिपोर्ट, फक्त ३९९'. आईचा दर दोन तासांनी फोन, एरिया कसाय रे, वस्ती बरी आहे ना, म्हटलं घेऊन टाकू. दोन घेतले, एक मुकुंदनगरचा आणि एक बाणेरचा.

मुकुंदनगर लालभडक, १० पैकी ३.१. बाणेर हिरवंगार, ८.४. आता ज्यांनी मुकुंदनगर बघितलंय त्यांना हसूच येईल, संध्याकाळी तिथं सगळ्यात मोठा धोका म्हणजे ओळखीचे काका भेटून अर्धा तास पकडून ठेवतात हा. बाणेर वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण एवढा फरक?

मग खालचं बारीक अक्षर वाचलं. पोलीस ठाण्यानुसार गुन्हे, भागिले लोकसंख्या, दर लाखामागे आकडा. आणि मुकुंदनगर येतं स्वारगेट ठाण्यात. झालं! स्वारगेट म्हणजे एसटी स्टँड, पीएमपी (शहरातल्या बस), आता मेट्रो पण, दिवसभर नुसता लोंढा. सातारच्या गाडीत चढताना धक्काबुक्कीत कराडच्या माणसाचा मोबाईल गेला की गुन्हा स्वारगेटच्या खात्यात, पण भागायला मात्र फक्त तिथं रात्री झोपणारी माणसं. अंशात अख्खा पश्चिम महाराष्ट्र आणि छेदात चार पेठांएवढी वस्ती, मग दर फुगणार नाही तर काय.

बाणेरची गंमत उलटी. तिथलं ठाणं २०२४ मध्ये शेजारच्या चतुःशृंगी ठाण्यातून वेगळं काढलं, आणि यांनी नव्या ठाण्याचे थोड्याच महिन्यांचे गुन्हे धरून पूर्ण वर्षाचे म्हणून छापलेत. वर चतुःशृंगीसमोर खाली जाणारा हिरवा बाण, 'गुन्हे घटले'. अरे घटले कुठं, पलीकडच्या वहीत गेले! त्यात लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, कारण २०२१ ची झालीच नाही, आणि २०११ चं बाणेर आणि आत्ताचं बाणेर यांचा काही संबंध आहे का? म्हणजे एक चूक आकडा फुगवते, दुसरी दाबते, आणि वर दशांश चिन्ह लावून ८.४.

सपोर्टला चॅट केला तर उत्तर आलं, 'सर डेटा सरकारी आहे, प्रकाशित एफआयआर वरून घेतलाय'. इथं माझं डोकं सटकलं. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाकतात हे खरं, पण लैंगिक गुन्हे, पॉक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार) असल्या संवेदनशील केसेस त्यातून वगळलेल्या असतात, आणि तसंच पाहिजे. पण मग बहिणीसाठी घर बघणाऱ्याला नेमकं जे बघायचंय तेच या स्कोअरमध्ये नाही ना. हे कुठंही लिहिलेलं नाही.

आणि नोंदच झाली नाही तर? माझाच मोबाईल मागे खिशातून मारला तेव्हा ठाण्यात गोड बोलून 'चोरी नको, गहाळ लिहा, सिम लगेच मिळेल' म्हणाले, मी पण घाईत होतो, लिहिलं. तो एरिया यांच्या हिशोबात तेवढा सेफ झाला. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्र सरकारची संस्था) वार्षिक रिपोर्टमध्ये सुद्धा स्पष्ट लिहिलेलं असतं की नोंदवलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हेगारी वाढली असं समजू नका. केरळचा दर मोठा दिसतो त्यात तिथं लोक तक्रार करतात आणि पोलीस लिहून घेतात याचा वाटा मोठा आहे. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी एनसीआरबीवाले मोजताना सगळ्यात गंभीर तेवढंच धरतात.

खुनाचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा, कारण प्रेत लपवणं सोपं नसतं. पण तो शहराशहरात लावायला ठीक. ४० हजार वस्तीत एक खून म्हणजे लाखामागे २.५, पुढच्या वर्षी दोन झाले की ५, लगेच अ‍ॅपवर '१०० टक्के वाढ'. तीन-चार वर्षांची सरासरी तरी काढा राव. घरफोडी भागा घरांच्या संख्येने, गाडीचोरी गाड्यांच्या. सगळं एका पातेल्यात टाकून एकच स्कोअर कशाला?

चांगलं काय, तर दुसऱ्या पानावर गुन्ह्यांचे प्रकार वेगळे दिलेत आणि ते कामाचं आहे. स्वारगेटला बहुतेक सगळं मोबाईल-पाकीट, घरफोड्या तुरळक. हेच पहिल्या पानावर दिलं असतं तर मी इतकं लिहिलंच नसतं. त्याला एक स्टार.

शेवटी रात्री दहाला स्वतः गाडीवरून चक्कर मारली, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी बोललो, दिवे बघितले, आणि मुकुंदनगरचाच फ्लॅट घेतला. ब्रोकरला तो लाल रिपोर्ट दाखवून भाडं ५०० नी कमी करून घेतलं. दुसरा स्टार त्याचा.