सी-डॉटचं रॅक्स: अकरा वर्षं हाताळल्यावर

पेडणे तालुक्यातल्या एका किनारी गावात 1992 पासून अकरा वर्षं मी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं 256 पोर्टचं रॅक्स, म्हणजे खेड्यासाठीचं स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज, सांभाळलं. शाळेमागची कौलारू खोली, एसी नाही, डोक्यावर एक पंखा. पावसाळ्यात भिंतीला बुरशी, वाऱ्याला खार. अशाच जागी चालावं म्हणून ते बनवलेलं होतं. पहिलं रॅक्स 1986 साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं, तेही एसीविना.

त्यात मुख्य प्रोसेसरची कार्डं जोडीने असतात: कॉपी झिरो आणि कॉपी वन. एक काम करतं, दुसरं तयारीत असतं. जुलैतल्या एका सकाळी कुलूप उघडलं तर कॉपी झिरोचा लाल दिवा लागलेला. रात्रीत कधीतरी ते पडलं होतं आणि गाव कॉपी वनवर बोलत होतं. शेजारच्या मावशीचा मुलगा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला. तिला विचारलं, ‘राती फोन आयिल्लो?’ ‘आयिल्लो रे पुता, अर्दें वर उलयलो.’ म्हणजे अर्धा तास बोलला. मी काही बोललो नाही, पण छाती भरून आली. कार्ड ओढून पाहिलं, कनेक्टरच्या पिनांवर दमट हवेने काळपट थर धरला होता. स्पिरिट आणि ब्रशने पिना साफ केल्या, कार्ड परत बसवलं, दिवा विझला.

अमेरिकेत बेल या टेलिफोन कंपनीचं वन ईएसएस हे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज 1965 साली सुकासुना गावात सुरू झालं, तेव्हा लक्ष्य होतं 40 वर्षांत मिळून फार तर 2 तास बंद. तिथे दोन्ही प्रोसेसर एकच काम एकाच वेळी करत आणि उत्तरं जुळतात का हे यंत्रच तपासत राही. जुळली नाहीत की दोघांतला चुकला कोण, हे ठरवणं खरं अवघड. दोघांच्या भांडणात तिसरा साक्षीदार नसतो, म्हणून तपासणीचे प्रोग्राम वेगळे लागत.

रॅक्समध्ये मला सर्वांत पटलं ते हे की सगळंच दुप्पट केलेलं नाही. लाईन कार्ड एकेकटंच. त्यावर 8 ग्राहक; ते गेलं तर आठच फोन मुके. अख्खं गाव ज्यावर टांगलेलं, त्याचीच जोडी.

वीज 48 व्होल्टची, 24 सेलच्या बॅटरीवर. पॉझिटिव्ह टोक जमिनीला जोडलेलं, त्यामुळे केबलमध्ये ओल शिरली तरी तारेचं तांबं झिजत नाही.

आमच्या खोलीत उणं होतं ते इथेच. दोन्ही कॉप्या एकाच बॅटरीवर, एकाच अर्थिंगवर. जांभ्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही. वळवाच्या विजांनी दोन वर्षांत तीन लाईन कार्डं जाळली, एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या तारा जिथे एक्स्चेंजला जोडतात त्या चौकटीवर, विजेचा झटका जमिनीत सोडणाऱ्या जीडी ट्यूब असूनही. मग दर एप्रिलात मी खड्ड्यात कोळसा-मीठ नव्याने भरायला लागलो आणि पाऊस पडेपर्यंत रोज घागरभर पाणी ओतायचो. त्यानंतर एकही कार्ड जळलं नाही.

भाचा गेस्टहाऊससाठी ईपीएबीएक्स, म्हणजे खोल्याखोल्यांतले फोन जोडणारं छोटं एक्स्चेंज, घेतोय, म्हणून हे सगळं आठवलं. त्याला सांगितलंय, किती बटणं आहेत ते नंतर बघ. दुकानदाराला म्हण, फोनवर बोलणं चालू असताना एक पॉवर सप्लाय बंद करून दाखव.