पाद्रोन १९६४ मादुरो एक्स्क्लुसिव्हो: भारदस्त, पण आडदांड नाही

सिगार जितकी काळी तितकी कडक, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या हातात मी ही मादुरो, म्हणजे काळ्या पानाची सिगार, देतो. काळा रंग येतो बाहेरचं पान जास्त आंबवल्यामुळे, आणि त्याने उलट गोडवा वाढतो. खरा जोर असतो सिगारच्या पोटात भरलेल्या, रोपाच्या शेंड्याकडच्या लिहेरो पानांत.

लांबी साडेपाच इंच, रिंग गेज ५०, म्हणजे जाडी इंचाच्या ५०/६४. दाबून चौकोनी केलेली, त्यामुळे बोटांत नीट बसते. पान तेलकट, शिरा जरा जाडच. देखणी म्हणणार नाही. टोक कापून न पेटवताच ओढून बघा: कोको आणि मनुका.

पेटवल्यावर पहिली येते काळी मिरी. थोडा धूर नाकातून सोडला की ती चांगलीच झोंबते. (छातीत मात्र धूर घ्यायचा नाही, ही सिगारेट नव्हे.) पहिला इंच जळेपर्यंत मिरी मागे सरते आणि कॉफी पुढे येते, बिनदुधाची, गडद भाजलेली. मधला टप्पा म्हणजे या सिगारची खरी कमाई. धूर साईसारखा जिभेवर बसतो, कडू चॉकलेट, ओली माती आणि मागे रेंगाळणारा सुक्या फळांचा गोडवा. एवढा भरगच्च ऐवज, पण घशाला ओरखडा नाही. याचं श्रेय मुरवण्याला. तंबाखू सगळी निकाराग्वाची आणि किमान चार वर्षं मुरवलेली. क्युबातून आलेल्या होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४ मध्ये मायामीत कंपनी काढली. तिच्या तिशीनिमित्त ही ‘१९६४’ मालिका १९९४ मध्ये आली.

शेवटच्या टप्प्यात निकोटीन हिशेब मागतं. उपाशीपोटी ओढाल तर गरगरणार, हे नक्की. मिनिटाला एक झुरका पुरे; भराभर ओढली की तापते आणि सगळा कोको कडवट होतो. सोबत काळी कॉफी चालते. धुरकट व्हिस्की नको, ती हिच्यावर कुरघोडी करते.

माझी कुरकुर एकच: वळणं कमी. दर इंचाला नवी चव हवी असणाऱ्यांना ही सरळसोट वाटेल. मिरी अधिक आवडत असेल तर याच मालिकेतली फिक्या पानाची नॅचरल घ्या. वेळ कमी असेल तर साडेचार इंची प्रिन्सिपे आहे, पण तिच्यात मधला टप्पा रंगात येतो न येतो तोच आटोपतो.